विक्री थांबलेल्या सॉफ्टवेअरची नक्कल



युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर संगणकावर जुळविण्यासाठी निरनिराळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरे होती. प्रत्येकीची अक्षरयोजना वेगळी. म्हणून त्या कंपनीचा फॉन्ट जवळ नसेल, तर आपल्या बावड्यातल्या एखाद्या शाळेचा जुना वार्षिक अंक पडद्यावर रोमन अक्षरांचा नुसता गोंधळ दिसावयाचा. मूळ सॉफ्टवेअर आज विकतही मिळत नसेल, तर त्याची नक्कल करणे ही चोरी म्हणावयाची काय?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश १९८४ साली झाला. विक्री थांबली म्हणून मालकाचा हक्क संपत नाही. कलम ५२ प्रमाणे, ज्याच्याजवळ कायदेशीर प्रत आहे त्याला ती नष्ट होण्याच्या भीतीने जादा प्रत करून ठेवता येते. ज्याच्याजवळ प्रतच नाही, त्याला ही सवलत नाही.

येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. कोठाराचे कुलूप दुसऱ्याचे असले, तरी आतले धान्य आपले आहे. स्वतःचेच लिखाण वाचण्यापुरती नक्कल करणाऱ्याने कोणाच्या तोंडचा घास काढला, असे मला वाटत नाही. तीच नक्कल विकणारा मात्र दोषी. तथापि, प्रथम मालकास विचारावे. ‘आकृती’च्या कंपनीने आपले काही भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले होते. दुकान आवरणाऱ्या प्रत्येकाने एवढे औदार्य दाखवावे.

आणि दप्तर एकदा उघडले, की ते युनिकोडमध्ये उतरवून घ्यावे; म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या किल्लीची गरज पडणार नाही.