उचकीचं माहेर

लहानपणी मला उचकी लागली की आजी हातातलं निवडण बाजूला सारायची आणि नावं घ्यायला लावायची. "कोण आठवण काढतंय बघू! मावशी म्हण. आत्या म्हण." ज्या नावाला उचकी थांबेल, त्याने आठवण काढली. माझी आठवण बहुधा धाकट्या मामालाच यायची, कारण त्याचं नाव यादीत शेवटी असे!

पुढे मी शरीररचनाशास्त्र शिकवू लागले आणि आजीचा उपाय अगदीच टाकाऊ वाटेना. एका दमात दहा-बारा नावं घेताना श्वास रोखला जातो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड किंचित वाढतो, आणि त्याने उचकी शमायला मदत होते. आठवणीचं श्रेय मामाला द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

आता रेडिओ ऐकता ऐकताच एक हात छातीवर ठेवा, दुसरा बेंबीच्या जरा वर. शांत श्वास घ्या. वरचा हात फारसा हलणार नाही, खालचा मात्र पुढे येईल. हवा काही पोटात जात नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक घुमटाकार पडदा आहे, त्याला श्वासपटल म्हणतात. तो आखडला की सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर खाली उतरतो, यकृत-आतड्यांना दाबतो, म्हणून पोट फुगतं. वर छातीत जागा होते आणि सुमारे अर्धा लिटर हवा आत येते. मिनिटाला १२ ते १६ वेळा, झोपेतसुद्धा.

उचकीत हाच पडदा अचानक झटका देऊन आखडतो. हवा आत धावते न धावते तोच स्वरतंतूंमधली फट मिटते. वाऱ्याने दार आपटावं तसा तो आवाज. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या चार्ल्स ऑसबर्न यांना १९२२ साली लागलेली उचकी १९९० साली थांबली. अडुसष्ट वर्षं त्यांची आठवण कोण काढत होतं, देव जाणे! तुमची मात्र ४८ तासांत थांबली नाही, तर नावं घेत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

खरी गंमत पुढेच आहे. हा पडदा बरगड्यांच्या तळाशी, पण त्याला हुकूम देणारी नस निघते मानेतून, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जातंतूंच्या मुळांपासून, आणि हृदयाच्या कडेकडेने एवढ्या लांब खाली येते. असा वळसा का? कारण गर्भात या पडद्याची पहिली घडण मानेपाशीच होते. बाळ वाढतं तसा तो खाली सरकतो आणि आपली नस सोबत घेऊन जातो. सासरी गेला, पण माहेरचा धागा तुटला नाही.

त्या धाग्यावर सगळा श्वास टांगलेला आहे. अपघातात मज्जारज्जू या मुळांच्या वर तुटला, तर श्वास जागच्या जागी थांबतो. खाली तुटला, तर पाय लुळे पडतात, हातांतलं बळही जातं, पण माणूस स्वतःचा श्वास घेत राहू शकतो. अंतर किती, तर दोन-तीन मणक्यांचं.

खांद्यावरच्या त्वचेची संवेदनाही याच मुळांतून मेंदूकडे जाते, आणि मेंदूची कधीकधी गफलत होते. दुर्बिणीतून पित्ताशय काढलेल्या बाई दुसऱ्या दिवशी कुरकुरतात, "ऑपरेशन पोटाचं केलंत, मग खांदा का ठणकतोय? टेबलावर अवघडला का?" खांद्याला काही झालेलं नसतं. शस्त्रक्रियेसाठी पोटात भरलेला वायू थोडा उरून श्वासपटलाखाली साचलेला असतो, पडदा कुरकुरतो आणि मेंदूला वाटतं, खांदाच बोलतोय. बाम चोळून उपयोग नाही. दोन-तीन दिवसांत वायू जिरतो, आणि खांदा दुखायचा राहतो.