उन्हाळ्याची सुट्टी आणि एक वही

(संस्थेच्या वार्षिक बक्षीस समारंभात केलेले भाषण)



बक्षीस समारंभात पाहुण्याने परीक्षेविषयी बोलावे असा रिवाज आहे. मी मात्र आज सुट्टीविषयी बोलणार आहे. परीक्षा आठ-पंधरा दिवसांत आटोपते. उन्हाळ्याची सुट्टी दोन महिन्यांची असते, आणि त्या दोन महिन्यांचे काय करावे यावरून आपल्या घराघरांत दरवर्षी वाद होतो. असाच एक वाद मिटवण्यासाठी गेल्या मे महिन्यात मला बोलावणे आले.

माझी थोरली बहीण चिंचवडला राहते. आमचे दुल्हेभाई चाकणच्या एका कारखान्यात फिटर आहेत. त्यांची मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. दुल्हेभाईंनी तिच्यासाठी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये हिशेब लिहिण्याचे काम पाहून ठेवले होते. पुढच्या वर्षाची फी त्यातून निघाली असती. मुलीने मात्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत सुट्टीभर बिनपगारी काम करायचे ठरवले.

दुल्हेभाई मला म्हणाले, "तुम्ही तिचे मामू, तुमचे ती ऐकेल. दिवसभर मातीत हात, संध्याकाळी भावांबरोबर क्रिकेट, रात्री जुन्या रेडिओची मोडतोड, नाहीतर पेटी घेऊन बसते. याला का संशोधन म्हणायचे? यातून हाती काय लागणार?"

प्रश्न रास्त होता. फी हवेतून येत नाही. मी तिला म्हटले, "बेटा, तू काय करतेस ते मला आधी दाखव." तिने एक वही माझ्यापुढे ठेवली. त्या वहीत मी जे वाचले ते आज आपणांस सांगणार आहे.

पहिल्या पानावर लिहिले होते : "पिंपरीच्या मातीत औषध आहे काय?" मित्रहो, हा प्रश्न पोरकट नाही. आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. औषधे बनवणारा तो सरकारी क्षेत्रातील पहिला कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. १९५५ साली तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. त्याच कारखान्याच्या संशोधन विभागात डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पिंपरीच्या मातीत एक सूक्ष्मजीव सापडला. त्यापासून बुरशीच्या रोगांवरचे 'हॅमायसिन' हे औषध मिळाले. १९६१ साली ते शास्त्रज्ञांपुढे आले. त्या सूक्ष्मजीवाचे नाव काय ठेवले असेल? 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'! ज्या मातीवरून आपण रोज कामाला जातो, तिचे नाव जगाच्या शास्त्रग्रंथांत गेलेले आहे, आणि आपल्यापैकी कितीजणांना ते ठाऊक आहे? पहिल्या पावसात मातीचा जो सुगंध दरवळतो, तोही मुख्यतः याच कुळातील जीवांच्या एका द्रव्याचा, जिओस्मिनचा, असतो.

भाचीने नदीकाठची, लिंबाच्या झाडाखालची आणि क्रिकेटच्या मैदानावरची माती आणली. एक ग्रॅम माती निर्जंतुक पाण्यात ढवळायची, ते पाणी पुनःपुन्हा दहापट पातळ करायचे, त्यातला थेंब पोषक जेलीच्या तबकडीवर पसरायचा आणि आठवडाभर वाट पाहायची. मग खडूच्या भुकटीसारखे कोरडे ठिपके उगवतात. त्यातला एकेक ठिपका निरुपद्रवी जंतूंच्या शेजारी वाढवायचा. भोवतीचे जंतू मरून स्वच्छ कडे पडले, तर तेथे काहीतरी आहे असे समजायचे.

आता क्रिकेटकडे येतो. ही मुलगी गोलंदाजी करते, शिवाय सोसायटीच्या सामन्यांचे धावफलकही लिहिते. धावफलकात चौकार-षटकार लिहितात, तसा निर्धाव चेंडूही लिहावाच लागतो. तो गाळला तर षटकाचा हिशेब जुळत नाही. तिच्या प्रयोगाच्या वहीत पानामागून पाने मी पाहिली : "कडे नाही. कडे नाही. कडे नाही." एकही ओळ गाळलेली नव्हती. ही सवय तिला मैदानाने लावली, हे उघड आहे.

रेडिओच्या मोडतोडीचेही तसेच. गुरुवारी आपल्या भागात दुरुस्तीसाठी वीज जाते. वीज गेली की तबकड्या ठेवण्याचे कपाट मे महिन्याच्या उन्हाने तापते आणि आठवड्याचे काम वाया जाते. पहिल्याच गुरुवारी तसे घडले. तेव्हा तिने जुन्या बाजारातून आणलेल्या टाकाऊ सुट्या भागांतून एक यंत्र जोडले. कपाटातील तापमान ठरल्यापेक्षा वाढले की बॅटरीवर घंटी वाजते. घंटी वाजली की बर्फाच्या बाटल्या आत ठेवायच्या. वस्तू किरकोळ, पण पुढच्या एकाही गुरुवारी तबकड्या वाया गेल्या नाहीत.

आणि पेटी? तिचा एक सूर बेसूर वाजत होता. कोणता आणि किती, हे ती रोज तंबोऱ्याशी ताडून पाही आणि वहीत मांडी. हे वाचून मला सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आठवले. हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा आणि तारेचे मापन-यंत्र घेऊन श्रुतींचे अंतर मोजत बसले, आणि १९१० साली त्यांनी बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. गवयाचा कान आणि शास्त्रज्ञाची पट्टी एकत्र आली ती अशी.

मोठ्या शोधांची कथाही वेगळी नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग १९२८ च्या सप्टेंबरात सुट्टीहून लंडनला परतले. टेबलावर राहिलेल्या तबकडीवर बुरशी आली होती आणि तिच्या भोवतीचे जंतू विरघळले होते. दुसऱ्या कोणी ती तबकडी धुऊन टाकली असती; त्यांनी निरखून पाहिली. पण त्या बुरशीचे औषध होण्यास आणखी बारा-तेरा वर्षे लागली. युद्धाच्या दिवसांत ऑक्सफर्डच्या नॉर्मन हीटली यांनी बिस्किटांचे डबे आणि रुग्णालयातील बेडपॅन यांत बुरशी वाढवली आणि जुन्या पुस्तकांच्या कपाटावर औषध गाळण्याचे यंत्र उभे केले. जोडाजोड करणारे हात नसते, तर निरखणारा डोळा एकटा काय करणार होता?

येथे मला माझ्या घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. माझा मुलगा नववीत असताना पलंगाखाली बंद घड्याळे, फुटके स्पीकर आणि तारा साठवीत असे. दहावीचे वर्ष आले. मी रात्रपाळी करून घरी आलो, तो पसारा पाहिला आणि रागाच्या भरात सगळा भंगारवाल्याला देऊन टाकला. मुलाने तोंडातून शब्द काढला नाही. तो चांगल्या गुणांनी पास झाला. आज नोकरीतही आहे. पण त्या दिवसानंतर त्याने घरातला एक स्क्रू उघडला नाही, की "अब्बा, हे असे का होते?" म्हणून मला विचारले नाही. भंगारवाल्याने मला साठ रुपये दिले होते. मी काय विकले, हे मला फार उशिरा कळले.

म्हणून त्या दिवशी मी भाचीला समजावले नाही. वही दुल्हेभाईंपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून पाने चाळली आणि विचारले, "ही गुरुवारची नोंद किती वाजताची? वेळ का नाही लिहिली? आमच्याकडे नाकारलेल्या मालाचीसुद्धा वेळ, माप आणि कारण रजिस्टरात जाते." मुलगी हसली आणि तिने वेळेचा रकाना आखला. त्या क्षणी बाप आणि मुलगी एकाच धंद्यातील माणसे झाली. पालकहो, आपण पिंपरी, भोसरी, चाकणला रोज मोजमाप करता आणि नोंदी ठेवता. प्रयोगशाळेची निम्मी शिस्त आपल्या हाती आधीपासूनच आहे. ती मुलांना द्या.

तडजोड अशी झाली : सहा आठवडे प्रयोगशाळा आणि उरलेले दिवस वर्कशॉप. फीला थोडी भर पडली, थोडी मी घातली. संशोधनातून हाती काय लागले, हेही प्रामाणिकपणे सांगतो. चाळीस तबकड्यांत एकदाच कडे दिसले, आणि प्रयोग पुन्हा केला तेव्हा ते दिसले नाही. शेवटच्या पानावर तिने लिहिले आहे : "पिंपरीच्या मातीत मला यंदा काही सापडले नाही. पुढच्या वर्षी चाकणची माती." निकालाचे असे खरे पान लिहिता येणे, हे मी मोठे शिक्षण समजतो.

विद्यार्थी मित्रांनो, दारे उघडी आहेत, ठोठावायला हवीत. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात नामांकित शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करण्याची शिष्यवृत्ती देतात. त्यासाठी आदल्या वर्षीच अर्ज करावा लागतो. पुण्याच्या आयुकात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तेथे अनेक वर्षे टाकाऊतून खेळणी करून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता हे मूळचे पुण्याच्या टेल्को कारखान्यातील इंजिनिअर. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी एवढ्यावर त्यांनी भूमिती शिकवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ज्यांना सुट्टीत गॅरेजमध्ये किंवा दुकानात कमवावेच लागते, त्यांनीही मन छोटे करू नये. तेथेही एक प्रश्न शोधा आणि रोज दोन ओळी लिहा.

पालकहो, येत्या उन्हाळ्यात मुलांना आणि मुलींना चेंडू द्या, पेटी द्या, उघडायला एखादे बंद पडलेले घड्याळ द्या. सोबत एक कोरी वही द्या, आणि आठवड्यातून एकदा, आपल्या सुट्टीच्या दिवशी, चष्मा लावून ती वाचा.