कोपऱ्यातले बटण



१९९५ पासून ‘विंडोज’ प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर, डाव्या कोपऱ्यात, ‘स्टार्ट’ नावाचे बटण ठाण मांडून होते.

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘विंडोज ८’ आली, आणि ज्यावर सतरा वर्षांची वहिवाट होती, ते बटणच बेदखल झाले.

त्याच्या जागी आल्या रंगीत चौकटी.
बोटाने पडदा हाताळणाऱ्यांस त्या सुखद वाटल्या;
संगणक त्वरेने सुरू होतो, याचाही कित्येकांस संतोष झाला;
परंतु माऊस धरून कचेरीत बसणाऱ्यास, काम आटोपल्यावर संगणक बंद कोठून करावा, हेच उमगेना!

तक्रार वाजवी होती, असे आमचे मत.

पुन्हा सांगतो : बटण गेले, वहिवाट मोडली.

ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘विंडोज ८.१’ सोबत बटण पुन्हा रुजू झाले;
दाबल्यावर मात्र, बहुधा चौकटीच उघडत.