हातगुण की पात्याचा गुण?

कोकणातल्या आमच्या महिला बचत गटाकडून आज तुमच्याशी एका लहानशा वस्तूबद्दल बोलायचं आहे. कमरेच्या पिशवीत मावणारा घडीचा चाकू. तुम्ही म्हणाल, चाकूवर काय बोलायचं? पण या चाकूपायी आमच्या गटातली एक मैत्रीण आम्ही जवळजवळ गमावली होती.

आम्ही बाराजणी पावसाळ्यात आंब्याची कोय कलमं बांधतो. कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, मधोमध उभी चीर द्यायची, कलमाच्या काडीला खाली पाचरीसारखा आकार द्यायचा, ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. साल सालीला भिडली तर कलम जीव धरतं. काप चेंगरला, तर काडी सुकते. म्हणजे सगळा खेळ धारेचा.

आमच्यातल्या बऱ्याच जणी घरचे जुने चाकू वापरायच्या. नव्यानं आलेल्या एकीकडे चाकू नव्हता, म्हणून गटाच्या पैशातून बाजारातला स्वस्तातला चकचकीत चाकू तिला घेऊन दिला. पात्यावर 'स्टेनलेस' एवढंच कोरलेलं. तिची कलमं फार मरायला लागली. आमच्या एका काकींची मात्र भराभर फुटायची. आम्ही म्हणालो, काकींचा हातगुण! आणि त्या नवीबद्दल म्हणालो, हिच्या हाताला गुण नाही. ते तिच्या कानावर गेलं. ती यायची बंद झाली.

काकींना हे पटलं नाही. त्या तिच्या घरी गेल्या, तिला घेऊन आल्या आणि चाकूंची अदलाबदल केली. काकींचा काळपट चाकू लोहारानं जुन्या करवतीच्या पात्यापासून घडवलेला. तो तिला दिला, चकचकीत स्वतः घेतला. दोघींचे वाफे वेगळे ठेवले. काही आठवड्यांनी पाहिलं, तर सुकलेली कलमं काकींच्या वाफ्यात जास्त! सकाळची कलमं बरी होती, पण दुपारनंतरची गेली होती. पातं दुपारपर्यंत बोथट होत होतं. दोष हाताचा नव्हताच. आम्ही सगळ्यांनी तिची माफी मागितली.

मग आम्ही पोलादाची माहिती करून घेतली. ती अशी.

साध्या मऊ लोखंडी पट्टीत कार्बन साधारण ०.२५ टक्क्यांपेक्षा कमी असतो. तिला लोहारानं कितीही पाणी दिलं तरी ती पात्याइतकी कडक होत नाही. चाकूच्या कार्बन पोलादात तो बहुतेक वेळा ०.६ ते १ टक्का असतो. असं पोलाद लाल तापवून बुडवलं की कडक होतं, मग पुन्हा बेतानं तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. त्याला बारीक धार लागते, साध्या दगडावरही लागते. खोट एकच, ते गंजतं. आंब्याच्या चिकानं काळं पडतं आणि पावसाळ्यात ओलं ठेवलं तर रात्रीत डाग धरतं.

स्टेनलेस म्हणजे निदान साडेदहा टक्के क्रोमियम असलेलं पोलाद. ते सहसा गंजत नाही. पण 'स्टेनलेस' हा शब्द गंजाबद्दल सांगतो, धारेबद्दल नाही. ४२० नंबरच्या स्टेनलेसमध्ये कार्बन कमी असतो. ते सहज तुटत नाही, धार लावायला सोपं, पण धार लवकर जाते. ४४०सी मध्ये कार्बन १ टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम १६ ते १८ टक्के. त्याची धार जास्त टिकते, मात्र लावायला वेळ लागतो आणि पातं घालून पिळलं तर धारेचा तुकडा उडू शकतो. नुसता नंबर चांगला असूनही भागत नाही. पाणी नीट दिलेलं नसेल तर भारी पोलादही मऊच राहतं.

भांडी घेताना आपण चुंबक लावून बघतो. चाकूला ती परीक्षा चालत नाही. धार धरणाऱ्या स्टेनलेसच्या चाकूला चुंबक चिकटतंच. त्यापेक्षा एक चाकू आधी आणा, दिवसभर कामात वापरा, संध्याकाळी त्यानं कोवळी काडी कापून बघा. काप गुळगुळीत आला तर बाकीचे घ्या.

आमच्या गटानं असं ठरवलं. कलमासाठी कार्बन पोलादाचा चाकू. कैरी, चिंच, लिंबू चिरायला, दोरी-गोणी कापायला आणि जिला रोज पुसणं जमत नाही तिला स्टेनलेसचा. कलमाच्या चाकूनं दुसरं काही कापायचं नाही. काम संपलं की चीक पुसायचा, पातं कोरडं करायचं, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. बिजागरीतही एक थेंब. एका रोपाचा रोग दुसऱ्याला जाऊ नये म्हणून स्पिरिटच्या फडक्यानं पुसायचं. ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवायचं नाही, त्यानं पातं खातं. विस्तवावर धरायचं नाही. धारवाल्याच्या यंत्रावर पातं निळं पडलं तर तिथलं पाणी उतरलं समजा, म्हणून त्याला मध्ये मध्ये पाण्यात बुडवायला सांगायचं. आणि बोथट चाकू ठेवायचाच नाही. त्याला जोर लावावा लागतो, तो सटकतो, बोट कापतं.

आज आमच्या चाकूंची पेटी त्याच मैत्रिणीकडे असते. संध्याकाळी ती एकेक पातं उजेडाला धरून बघते आणि जिचं पुसलेलं नसेल तिला परत बोलावते. आम्ही मुकाट्यानं पुसतो.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात कुणाचं काम बिघडत असेल, तर तिच्या हाताला बोल लावण्याआधी तिच्या हातात काय दिलंय ते एकदा बघा.