कीचक कोण?

पांडवांच्या अज्ञातवासाची कथा मराठी श्रोत्यांस नव्यानें सांगावयास नको. विराटाच्या घरीं दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर पापी नजर ठेवणारा राजाचा मेहुणा कीचक, आणि रात्रीच्या अंधारांत नृत्यशाळेंत त्याचा चेंदामेंदा करणारा बल्लव भीम. हें आख्यान कीर्तनांतून, पोथ्यांतून आणि आजीच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या घरोघर ऐकलें गेलें आहे. असें असतां १९०७ सालीं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें ‘कीचकवध’ हें गद्य नाटक महाराष्ट्र नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणलें, तेव्हां लोक काय पाहावयास गर्दी करीत होते? शेवट तर प्रत्येकास पाठ होता.

लोक पाहावयास येत होते तो कीचकाचा चेहरा. लॉर्ड कर्झन १८९९ पासून १९०५ पर्यंत हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. १९०५ च्या फेब्रुवारींत कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभांत, सत्याची चाड पूर्वेपेक्षां पश्चिमेकडे अधिक, अशा आशयाचें भाषण करून त्यांनीं सुशिक्षितांचीं मनें दुखविलीं. ऑक्टोबरांत बंगालचे दोन तुकडे केले. खाडिलकर हे लोकमान्य टिळकांचे ‘केसरी’तील सहकारी. नाटकांत कर्झन हें नांव कोठेंहि नाहीं. तें असण्याचें कारणहि नव्हतें. सैरंध्री ही हिंदभूमि, सबुरीचा उपदेश करणारा धर्मराज हा मवाळ पक्ष, आणि मुठी आवळून बसलेला भीम हा जहाल पक्ष, हा अर्थ प्रेक्षक घरूनच बरोबर घेऊन येत. गंमत अशी कीं, नाटक आलें तेव्हां कर्झनसाहेबांना हिंदुस्थान सोडून वर्ष उलटून गेलें होतें. व्यक्ति गेली होती, तिची मिजास मात्र लोकांच्या ध्यानांत राहिली होती.

आतां सरकारची अडचण पाहावी. राजद्रोही किंवा बदनामीकारक नाटकें बंद करण्याचा अधिकार देणारा कायदा १८७६ पासूनच हातांत होता. परंतु कीचक हा महाभारतांतला खलपुरुष. हा आमचा व्हाइसरॉय आहे, असें म्हणावयाचें कोणी? लेखकानें जें लिहिलें नाहीं आणि नटानें जें उच्चारलें नाहीं, तें साम्य सरकारनें स्वतःच्या सहीशिक्क्यानें जाहीर करावें, असा हा पेंच होता. प्रयोग चालू राहिले.

पुढें २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यानें कलेक्टर जॅक्सन यांस गोळ्या घालून ठार केलें. त्या रात्रीं तेथें खेळ होता किर्लोस्कर मंडळीचा, नाटक देवलांचें ‘शारदा’. म्हाताऱ्या वराला विकल्या जाणाऱ्या कोंवळ्या मुलीची ती करुण कहाणी. राजद्रोहाचा तीत लवलेश नाहीं. थोड्याच दिवसांत, १९१० च्या जानेवारींत, बंदी आली ती ‘कीचकवधा’वर. त्याच वर्षीं ‘इंडियन अन्‌रेस्ट’ या पुस्तकांत व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारानें, नाटकांत नांव नसलें तरी कीचक म्हणजे कर्झन हें सगळें नाट्यगृह जाणतें, असा अभिप्राय दिला. जी गोष्ट पुण्यामुंबईचे प्रेक्षक डोळे मिचकावून एकमेकांस सांगत होते, ती आतां छापील इंग्रजींत साऱ्या साम्राज्यास कळली!

येथवर सरकारला हंसणें सोपें आहे. पण या सूचक नाट्यानें प्रेक्षकांचेंहि कांहीं नुकसान केलें, तें सहसा कोणी बोलत नाहीं. रंगभूमीवर धर्मराज बोलतो तेव्हां लोक ऐकून घेतात. टाळी पडते ती भीमाला. ती पडणारच, कारण नाटक एका रात्रींत संपवावयाचें असतें. राजकारणाला तशी सवलत नाहीं. गोपाळ कृष्ण गोखले वर्षानुवर्षें कौन्सिलांत उभे राहून मिठावरील कराविरुद्ध आंकडे मांडीत होते. मणामागें अडीच रुपये असलेला तो कर १९०३ मध्यें दोन रुपयांवर, १९०५ मध्यें दीडावर आणि १९०७ मध्यें, म्हणजे नाटक आलें त्याच वर्षीं, एक रुपयावर आला. पहिल्या दोन कपाती तर खुद्द कर्झनच्या अमदानींतल्या. गरिबाच्या चुलीपर्यंत पोंचलेल्या या दीड रुपयाला कोणत्याहि नाट्यगृहांत टाळी पडली नाहीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सुरतेस काँग्रेस फुटली. ती नाटकानें फोडली असें म्हणणें वेडेपणाचें होईल. तरी सबुरी म्हणजे भेकडपणा, हा धडा नाट्यगृहांत रोज गिरविला जात होता, हें नाकारतां येत नाहीं. आणि द्रौपदी? ती देशाचें प्रतीक झाली, आणि परक्या घरीं राबणाऱ्या बाईचें तिचें स्वतःचें गाऱ्हाणें मागें पडलें. देवलांची शारदा शेवटपर्यंत एक मुलगीच राहिली. म्हणूनच ती अजून रडविते.

बंदीनंतर खाडिलकरांच्या लेखणीनें संगीताची वाट धरली. १९११ मध्यें ‘मानापमान’ आलें आणि प्रेक्षक पदांना ‘वन्स मोअर’ देऊं लागले. पण अर्थ शोधण्याची लोकांची खोड गेली नाहीं, आणि सरकारचीहि गेली नाहीं. १९२० सालीं बाबूराव पेंटरांनीं ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. प्रभातचा ‘स्वराज्याचें तोरण’ १९३० मध्यें ‘उदयकाल’ होऊन पडद्यावर आला, तर एकनाथांच्या जीवनावरील ‘महात्मा’चा १९३५ मध्यें ‘धर्मात्मा’ झाला. पैठणच्या संताला महात्मा म्हणतांच परीक्षकांना दुसराच एक महात्मा आठवला. आणि नांव बदललें हें कळल्यावर ज्यांना आठवला नव्हता त्यांनाहि आठवला असेल.

‘कीचकवधा’वरील बंदी पुढें उठली. १८७६ चा तो कायदा मात्र केंद्राच्या कायदेपुस्तकांतून निघाला २०१८ सालीं. त्याच्या एकशें बेचाळीस वर्षांच्या आयुष्यांतलीं शेवटचीं सत्तर वर्षें देशावर राज्य आपलेंच होतें.