जरा सरकून घ्या



मघाशी चहाच्या वेळी कळलं की तुमच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली बरीच मुलं परदेशी शिकायला जायच्या तयारीत आहेत. कुणी जर्मनीला, कुणी आयर्लंडला, कुणी कॅनडाला. वीस-बावीस वर्षांपूर्वी मीही डोंबिवलीहून अशीच गेले होते, फिलाडेल्फियाला. म्हणून आज परक्या शहरात राहण्याबद्दलच बोलते.

निघताना घरातलं प्रत्येक माणूस एकच सांगतं, 'जुळवून घे गं.' आता जुळवून घेणं म्हणजे काय, हे आपल्याला लोकलनं शिकवलंय. चौथी सीट डोळ्यांसमोर आणा. बाकावर तिघी बसलेल्या असतात. चौथी येते आणि म्हणते, 'ताई, जरा सरकता का?' तिघी थोड्या थोड्या सरकतात, पर्सा मांडीवर घेतात आणि चौथी कडेला का होईना, टेकते. सरकतात त्या बसलेल्या. उभी असलेली फक्त विचारते. पण विचारावं तिलाच लागतं. दाराशी मुकाट उभ्या राहणाऱ्या बाईसाठी कुणी सरकत नाही.

आपल्या गावची एक मुलगी अशीच फिलाडेल्फियाला गेली होती, माझ्या एकशे वीस वर्षं आधी. कल्याणच्या जोशांची यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा. कल्याणला रेल्वे येऊन तेव्हा अकरा वर्षं होत आली होती. नवव्या वर्षी पोस्टातल्या गोपाळराव जोशांशी लग्न झालं आणि तिची आनंदी झाली. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायचं तिनं ठरवलं ते त्यानंतर. ७ एप्रिल १८८३ ला ती कलकत्त्याहून बोटीत बसली, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. वय अठरा. नवरा इथेच राहिला होता. ११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली. हे तुम्ही शाळेत वाचलंय, 'आनंदी गोपाळ' चित्रपटही पाहिला असेल.

पण मला बंदरावरचा तो दिवस महत्त्वाचा वाटतो. तिला घ्यायला कोण आलं होतं? थिओडिशिया कार्पेंटर, न्यू जर्सीतल्या रोझेल गावची एक गृहिणी. गोपाळरावांनी मदतीसाठी लिहिलेलं पत्र एका मिशनरी मासिकात छापून आलं होतं. दातांच्या डॉक्टरकडे नंबर येण्याची वाट बघताना या बाईंच्या हातात ते मासिक पडलं आणि १८८० मध्ये त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. दोघींनी तीन वर्षं एकमेकींना पत्रं लिहिली, तोंड न पाहता. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. कॉलेज सुरू होईपर्यंत त्या मावशीच्याच घरी राहिल्या. मिशनऱ्यांच्या मासिकातून ओळख झालेल्या या बाईंनी आनंदीबाईंचं व्रत, जेवण, कुंकू, काहीही बदलायला लावलं नाही. हे घर सरकलं, मित्रांनो. अख्खं घर सरकलं.

फिलाडेल्फियाच्या खोलीत मात्र तसं नव्हतं. तिथली शेगडी जुनी होती. पेटवली तर खोलीभर धूर, न पेटवली तर हाडं गोठवणारी थंडी. शाकाहारी जेवणाचे हाल. घरून येणारी काही पत्रंही बोचरी. हे सगळं सोसत ती मुलगी रात्र-रात्र अभ्यास करायची. परत आली ती क्षयानं खंगूनच. कोल्हापूरच्या दवाखान्यात तिची नेमणूक झाली होती, त्या खुर्चीवर ती एक दिवसही बसू शकली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात ती गेली. बाविसावं पूर्ण व्हायला महिना राहिला होता. खोलीनं तिचा जीव घेतला असं मी म्हणणार नाही, क्षयावर तेव्हा औषधच नव्हतं. पण आपण तिच्या सोसण्याचा इतका गौरव केलाय की प्रत्येक मुलगी बॅगेत तेच भरून नेते. मी नेलं होतं.

माझा पहिला हिवाळा सांगते. पायात डोंबिवलीहून नेलेले कॅनव्हासचे बूट. बर्फ वितळला की ते आतपर्यंत भिजायचे. मी ब्रेडच्या रिकाम्या पिशव्या मोज्यांवर चढवायचे, घोट्याला रबरबँड लावायचे आणि वर बूट घालायचे. चालताना चरचर आवाज यायचा, म्हणून वर्गात सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचे. आई फोनवर विचारायची, 'थंडी आहे का गं फार?' मी म्हणायचे, 'छे, मस्त आहे.' बूट घ्यायला पैसे नव्हते असंही नाही. शिष्यवृत्तीतून होते. पण रुपयात हिशेब केला की हात आखडायचा आणि कर्जाचा हप्ता आठवायचा.

एका संध्याकाळी हीटरवर पाय शेकत बसले होते. इथिओपियाची एक वर्गमैत्रीण शेजारी येऊन बसली. तिला त्या पिशव्या दिसल्या. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बहिणीचे जुने बूट घेऊन आली, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून, कारण मला ते एक नंबर मोठे होते. त्या रात्री मी आईला खरं सांगितलं. आई रडली, पण पुढच्या आठवड्यापासून तिचे प्रश्न बदलले. 'बरी आहेस ना' ऐवजी 'आज काय खाल्लंस, सोबत कोण होतं' असं विचारू लागली. पालकांनो, तुम्हीही असंच विचारा. 'बरी आहेस ना'चं उत्तर आधीच ठरलेलं असतं.

आणि जाणाऱ्यांनो, पहिल्या महिन्यात जाड बूट आणि कोट घ्या, रुपयात हिशेब न करता. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी कार्यालय असतं, तिथे पहिल्याच आठवड्यात जाऊन या. दिवाळीच्या सकाळी डोंबिवलीचा फडके रोड आठवून पोटात कालवलं तर एकट्यानं खोलीत बसू नका, शेजारच्या दारावर टकटक करा.

जे जाणार नाहीत, त्यांच्याशीही थोडं बोलायचंय. याच सभागृहात मुरबाड, शहापूर, जळगावहून आलेली मुलं बसली आहेत. खोलीत चौघं मिळून राहतात, डब्यावर जेवतात. त्यांच्यासाठी परकं शहर हेच आहे. इथे बाकावर आपण बसलेलो आहोत. दिवाळीत घरी न जाणारा एक जण तुमच्या वर्गात असतोच. त्याला फराळाला घरी बोलवा. डबा पाठवू नका, घरी बोलवा.

शिक्षण संपल्यावर मी एकदा आगगाडीनं पोकीप्सीला गेले, न्यूयॉर्कच्या उत्तरेला, हडसन नदीकाठी. आनंदीबाई गेल्यावर गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी मावशीकडे पाठवल्या होत्या. तिथल्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाची स्वतःची जागा आहे. त्यांच्या माणसांच्या दगडांमध्येच एक दगड आहे, त्यावर आपल्या कल्याणच्या मुलीचं नाव. मी तिथे बराच वेळ उभी होते. घरच्या माणसांसाठी राखलेल्या त्या जागेत त्यांनी तिच्यासाठी सरकून घेतलं होतं.