खतावणीतली कादंबरी

(वसंत व्याख्यानमालेतील चौथे पुष्प)

कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापला होता 'अभिजात कादंबऱ्या : कुटुंब, मैत्री, मूल्ये'. वक्ते उभे राहिले, उपरण्याची घडी टेबलावर ठेवली, आणि शाळेच्या पटांगणात मागून आणून ठेवलेल्या फळ्याकडे वळून त्यावर एकच शब्द लिहिला : कर्ज.

पटांगणात कुजबुज झाली. विषय बदलला की काय, असं पहिल्या रांगेतल्या एका आजींनी शेजारणीला विचारलं. विषय बदलला नव्हता. वक्ते एका सहकारी बँकेत चौतीस वर्षं कर्ज विभागात काढून निवृत्त झालेले, आणि कादंबऱ्या वाचायचा नाद त्यांना त्याच टेबलावर जडलेला. दोन्हींची सरमिसळ व्हायची ती झालीच. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : जगातल्या मोठ्या कादंबऱ्या कुटुंबाबद्दल जे शिकवतात ते ओवाळण्या, अश्रू आणि उपदेश यांतून शिकवत नाहीत. कुणाचं देणं कुणी अंगावर घेतलं, हे बघितलं की नातं कळतं. कादंबरी वाचायची तर खतावणीसारखी वाचावी, डावीकडे नावे आणि उजवीकडे जमा.

त्याआधी अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे न्यायमूर्ती रानड्यांपासून, म्हणजे पुण्यातल्या १८७५ सालच्या वसंत व्याख्यानमालेपासून सुरुवात करून वीस मिनिटं घेतली होती. ही वीस मिनिटं पुढे महागात पडली.

वक्त्यांनी सुरुवात 'श्यामची आई'पासून केली. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं, १९३५ मध्ये छापून आलं, अत्र्यांच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, हे सगळं "तुम्हाला पाठच आहे" म्हणून त्यांनी हातानेच बाजूला सारलं. ते पुस्तक धड कादंबरी की आठवणी, या वादालाही बगल दिली. अळणी भाजीची गोष्टही ठाऊकच असेल, असं म्हणत पुढे सरकले, पण तिथे जरा घुटमळले. रताळ्याच्या पाल्याच्या भाजीत मीठ घालायचं आई विसरली, वडील एक शब्द न बोलता जेवले, म्हणून मुलंही जेवली. आईने घास घेतला तेव्हा कुठे तिला कळलं. ही गोष्ट शाळांतून सांगतात आणि तिथेच थांबतात, अशी त्यांची तक्रार होती.

मग त्यांनी विचारलं, या पुस्तकात किती रात्री आहेत? कुणीतरी बेचाळीस म्हणालं. बरोबर. त्यांतल्या बत्तिसाव्या रात्रीचं नावच कर्जावर आहे, आणि तिथून पुढे त्या पालगडच्या घराला चैन नाही. वसुलीचा माणूस येतो, वाणसामानाची ओढाताण होते, घरावर जप्ती येते, गावात दवंडी पिटली जाते, आणि त्याच सुमाराला आई अंथरूण धरते. वसुलीला आलेला माणूस घरात येऊन वाट्टेल ते बोलतो, तेव्हा हीच मायाळू बाई त्याला खडसावते. "आपण या आईला रडवून ठेवलंय," वक्ते म्हणाले. "ती चिडते, हे आपल्या लक्षात राहत नाही."

पहिल्या रांगेतल्या आजींना हे रुचलं नाही. त्या बसल्या जागेवरूनच म्हणाल्या की श्यामची आई संस्काराचं पुस्तक आहे, त्यात बँक आणू नका. टाळ्या पडल्या, आणि त्या वक्त्यांसाठी नव्हत्या.

वक्त्यांनी पाणी प्यायलं. मग जरा चढ्या आवाजात, काहीसं स्वतःच्या बचावासाठी, म्हणाले की संस्कार म्हणजे तरी काय? खायला असताना कुणीही वाटून खातं. दवंडीचा ढोल दाराशी आला असताना घर कसं वागतं, ते गुरुजींनी लिहून ठेवलंय. वडिलांनी कर्ज काढलं, आणि भोगलं घरातल्या सगळ्यांनी. या वाक्याला मात्र मागच्या बाकांवरून, जिथे दूध डेअरीवरून थेट आलेली मंडळी बसली होती, हुंकार आला.

मैत्रीचा भाग आला तो चार्ल्स डिकन्सला घेऊन. १८४९ आणि १८५० या दोन वर्षांत महिन्या-महिन्याच्या भागांनी आलेली 'डेव्हिड कॉपरफील्ड'. तीमधले मिकॉबरसाहेब बहुतेकांना माहीत असतात. कायम कर्जात, आणि उद्या काहीतरी घडेल या भरवशावर आजचं जेवण झोकात जेवणारे. त्यांचं उत्पन्नाचं आणि खर्चाचं प्रसिद्ध सूत्र "इथे बसलेल्या प्रत्येक निवृत्त माणसाला माहीत आहे" म्हणून वक्त्यांनी सांगितलंच नाही. मूर्तिमंत बँकवाल्याने नेमकं तेच गाळावं, हे जरा विचित्र वाटलं.

त्यांना बोलायचं होतं ट्रॅडल्सबद्दल. ट्रॅडल्स हा डेव्हिडचा शाळूसोबती, डोक्यावरचे केस कायम उभे, स्वभावाने गरीब, वकिली शिकणारा. मिकॉबरच्या घरात भाड्याने राहतो. मिकॉबर त्याच्याकडे हुंडीवर सही मागतात आणि हा देतो. एकदा नव्हे, दोनदा. पुढे मिकॉबरच्या घरावर जप्ती येते तेव्हा जप्तीवाले भाडेकरूच्याही दोन वस्तू उचलून नेतात : संगमरवरी माथ्याचं छोटं गोल टेबल, आणि फुलाची कुंडी तिच्या घडवंचीसह. ट्रॅडल्सचं लग्न ठरलेलं आहे, मुलीचं नाव सोफी, आणि पैसे नाहीत म्हणून लग्न लांबलेलं आहे. संसाराची सुरुवात म्हणून जमवलेल्या त्या दोन वस्तू. जुन्या सामानाच्या दुकानात त्या विकायला दिसतात. पण ट्रॅडल्स दारात दिसला की दुकानदार भाव चढवतो. शेवटी डेव्हिडला लहानपणी सांभाळणाऱ्या पेगटीबाईंना पुढे धाडतात. डेव्हिड आणि ट्रॅडल्स कोपऱ्याआड उभे राहून बघतात. पेगटीबाई भाव पाडतात, दुकान सोडून चालू लागतात, दुकानदार मागून हाका मारतो, त्या वळतात. "आपली मंडई!" वक्ते म्हणाले, आणि पटांगण हसलं. सौदा पटल्यावर ट्रॅडल्स ती कुंडी कुणाच्या हाती देत नाही. छातीशी धरून घरी नेतो.

इथे वक्ते थांबले आणि फळ्याकडे गेले. मिकॉबर लंडन सोडून जातात तेव्हा दोन हुंड्यांची बेरीज करतात. ती बेरीज त्यांनी खडूने मांडली :

२३ पौंड ४ शिलिंग ९॥ पेनी
१८ पौंड ६ शिलिंग २ पेनी

बेरीज ४१ पौंड १० शिलिंग ११॥ पेनी. या रकमेचा कागद लिहून मिकॉबर मोठ्या थाटात ट्रॅडल्सच्या हाती देतात, पैसे नव्हे, आणि देणं फेडल्याच्या आनंदात ताठ मानेने निघतात. "याला आमच्याकडे नवं-जुनं म्हणतात," वक्ते म्हणाले. जुनं कर्ज नव्या कागदावर चढलं, बाकी तीच. सोसायटीत काम केलेली मंडळी इतकी हसली की पुढच्या दोन वाक्यांचा आवाज कुणाला आला नाही.

मग वक्त्यांनी त्या बेरजेखाली आणखी एक आकडा लिहिला : ४० पौंड १० शिलिंग. डिकन्सच्या वडिलांना, जॉन डिकन्सना, फेब्रुवारी १८२४ मध्ये लंडनच्या मार्शलसी तुरुंगात टाकलं, ते एका पाववाल्याच्या याच रकमेसाठी. चार्ल्स नुकताच बारा वर्षांचा झालेला. त्याला बूटपॉलिशच्या कारखान्यात पॉलिशच्या डब्या बांधायला आणि लेबलं चिकटवायला बसवलं होतं, आठवड्याला सहा-सात शिलिंगांवर. पंचवीस वर्षांनी कादंबरी लिहिताना तोच आकडा, जरासा व्याज लागल्यासारखा, पुन्हा आला, असा वक्त्यांचा दावा. योगायोगही असेल. पण फळ्यावर दोन्ही आकडे एकाखाली एक बघून पटांगण गप्प झालं हे खरं.

वक्त्यांना इथून पुढे प्रेमचंदांकडे जायचं होतं. ते गेले स्वतःकडे.

झालं असं होतं की नोकरीच्या सहाव्या वर्षी एका सहकाऱ्याच्या घरदुरुस्तीच्या कर्जाला ते जामीनदार राहिले. सहकारी जवळचा मित्र, रोज एकाच डब्यात जेवणारा. त्याची बदली झाली, मग त्याने नोकरीच सोडली, मग पत्ता बदलला. हप्ते थकले. स्वतःच्या टेबलावरून स्वतःलाच नोटीस काढण्याची वेळ आली. ती आपणच टाईप केली, 'वरील विषयास अनुसरून' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत, आणि आपणच 'मिळाली' म्हणून सही केली, हे सांगताना ते फार रंगले. पगारातून तेहतीस हप्ते कापले गेले. त्या तीन वर्षांत घरात नवीन पडदे आले नाहीत. एक दिवाळी तर कढईतल्या चिवड्यावर निघाली. मध्येच दुसऱ्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "दोन दिवाळ्या." त्या वक्त्यांच्या सौ. होत्या. यापुढे पाच मिनिटं पटांगण त्यांच्याकडेच बघत होतं.

मग पुढे? तो मित्र वक्त्यांच्या मुलीच्या लग्नाला आला. पंगतीत बसून जेवला, आणि आहेराचं पाकीट देऊन गेला, त्यात एकशे एक रुपये. लोक हसले. वक्ते हसले नाहीत. ते म्हणाले की मिकॉबर ऑस्ट्रेलियाला गेले, तिथे मॅजिस्ट्रेट झाले, आणि ट्रॅडल्सच्या हुंड्यांसकट सगळी देणी फेडली. डिकन्सने शेवटी ते घडवून आणलं, कारण कादंबरीकाराच्या हातात ते असतं.

एवढ्यात संयोजकांकडून चिठ्ठी आली. वक्त्यांनी ती मोठ्याने वाचली : 'दहा मिनिटे'. पाऊण तास घेतला एका कुंडीने आणि एका जामिनाने. 'मूल्ये' हा छापील विषय अजून शिवलाही नव्हता.

म्हणून 'गोदान' घाईत आलं. प्रेमचंदांची १९३६ ची हिंदी कादंबरी, त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रेमचंद गेले. होरी नावाचा शेतकरी ऐंशी रुपयांची गाय उधारीवर आणतो. सख्खा भाऊ, हीरा, तिला विष घालतो. फौजदार हीराच्या घराची झडती घ्यायला येतो, तेव्हा होरी भावाच्या घराची अब्रू वाचवायला लाच देण्यासाठी तीस रुपये कर्ज काढतो. होरीची बायको धनिया ते रुपये हिसकते आणि साऱ्या गावासमोर जमिनीवर भिरकावते. नाणी घरंगळतात. "यात मूल्यं कुणाची, होरीची की धनियाची?" वक्त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेले. थांबायला हवं होतं. त्या एका प्रश्नावर सबंध व्याख्यान उभं राहिलं असतं.

होळीचं सोंग मात्र त्यांनी सोडलं नाही. गावातली पोरं ठाकुराची नक्कल करतात. शेतकरी दहा रुपये कर्ज मागतो, ठाकूर पाच हातावर ठेवतो, आणि उरलेले पाच नजराणा, लिखणावळ, कागद, दस्तुरी आणि व्याजात गेले म्हणून दहाच झाले असं पटवतो. शेतकरी हात जोडून तेही पाच परत देतो : दोन्ही ठकुराइनींचा नजराणा, दोघींचं पान, आणि उरलेला एक रुपया ठाकुराच्याच क्रियाकर्मासाठी. डेअरीची मंडळी या वेळी सगळ्यांत मोठ्याने हसली, आणि लगेच गप्पही झाली.

शेवट सांगताना वक्त्यांचा आवाज उतरला. जमीन वाचवायला होरी आपली धाकटी मुलगी रूपा एका वयस्क माणसाला देतो आणि दोनशे रुपये घेतो. होरीला चांगला माणूस म्हणणाऱ्यांनी हे पान गाळू नये, असं ते म्हणाले. मग उन्हात खडी खोदताना होरी कोसळतो. गोदानाची वेळ येते. गाय कुठली? धनिया सुतळी विकून मिळालेले वीस आणे ब्राह्मणाच्या हातावर ठेवते.

दुसरी चिठ्ठी आली. ती त्यांनी वाचून दाखवली नाही. 'मूल्ये' या शब्दावर तयार केलेली चार पानं त्यांनी हातात उचलून पटांगणाला दाखवली, घडी केली आणि खिशात टाकली. "राहिलं," एवढंच म्हणाले आणि बसले. हरिभाऊ आपट्यांची यमू, उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली कौतिक, सगळ्या त्या चार पानांत होत्या, असं नंतर चहाच्या वेळी कळलं.

आभारप्रदर्शनात मांडव, माईक आणि चहा पुरवणाऱ्यांची नावं घेतली गेली. ज्यांच्या वर्गण्या यायच्या आहेत त्यांनी त्या येत्या दोन दिवसांत द्याव्यात, असंही सांगितलं गेलं. या सूचनेला संध्याकाळचा सर्वांत मोठा हशा मिळाला, आणि आभार मानणाऱ्यांना तो का मिळाला हे उमगलं नाही.

खुर्च्या गोळा करताना फळा तसाच राहिला होता. ४१-१०-११॥, त्याखाली ४०-१०, आणि वर कोपऱ्यात तो पहिला शब्द, उपरण्याच्या टोकाने अर्धा पुसला गेलेला. पहिल्या रांगेतल्या आजी व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी आल्या. भांडायला आल्या असं समजून वक्ते उठून उभे राहिले. आजींनी विचारलं ते इतकंच, की ती कितवी रात्र म्हणालात? बत्तिसावी, वक्ते म्हणाले. आजींनी त्यांच्याकडूनच पेन मागून घेतलं आणि कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागे ३२ असं लिहिलं.